कुलवृत्तान्तात नसलेल्या बायका

मराठी माणसाला कुळाचा अभिमान मोठा. गेल्या शतकाच्या आरंभापासून आपल्याकडील कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापून काढले. मूळ पुरुष कोठून आला, कोणत्या शाखेने घाट ओलांडला, कोणाला इनाम मिळाले, कोणी देवळापुढे दीपमाळ बांधली, ही माहिती हौशी मंडळींनी पदरमोड करून, गावोगाव हिंडून गोळा केली. ज्यांच्या घराण्याचा छापील ग्रंथ नाही त्यांच्या पूर्वजांची नावे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत सापडतात. ही हौस वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आपण कोणाचे कोण हे जाणून घ्यावेसे वाटणे हा माणसाचा स्वभावच आहे.

पण यांपैकी एखादा जुना ग्रंथ उघडून जरा बारकाईने पाहावा. पुरुषाच्या नावापुढे त्याची मुले, मुलांपुढे नातवंडे, असा वृक्ष पानोपानी पसरत जातो. मुलीचे नाव आलेच तर 'अमक्या गावच्या अमक्यांस दिली' एवढ्यावर ती फांदी संपते. सून येते ती माहेरच्या आडनावासह कंसात, आणि कंसातच राहते. ती कितव्या वर्षी गेली, कशाने गेली, याचा बहुधा पत्ता नसतो. कुळ म्हणजे पुरुषांची रांग आणि बाई म्हणजे त्या रांगेला माणसे पुरवणारी पाहुणी, अशी आपली समजूत.

निसर्गाला ही समजूत ठाऊक नाही. तो आपली वंशावळ निराळ्या रीतीने लिहितो आणि तीत लेकीची फांदी तोडीत नाही. स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग काही घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. ज्या घरात तो चालत येतो त्या घरातील माणसांनाच त्याची वंशावळ ठाऊक नसते, कारण ती आपण कधी लिहिलीच नाही. लिहिली नाही एवढेच नव्हे, बुद्धिपुरस्सर पुसली. माझी तक्रार आहे ती या पुसण्याविषयी.

फ्रान्समध्ये पॉल ब्रोका नावाचा एक शस्त्रवैद्य होऊन गेला. मेंदूतील वाचेचे स्थान दाखवून देणारा तो हाच. १८६६ साली गाठींवरील आपल्या ग्रंथात त्याने एका घराण्याची वंशावळ छापली. त्या घराण्यातील बाया पिढ्यामागून पिढ्या स्तनाच्या कर्करोगाने दगावत होत्या. इतक्या बायांना तोच रोग व्हावा हा योगायोग नव्हे, ही प्रवृत्ती रक्तातूनच येत असली पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. ते घराणे कोणाचे, तर त्याच्या स्वतःच्या पत्नीचे! सासुरवाडीची अब्रू जाईल म्हणून ब्रोकाने तो तक्ता पेटीत ठेवला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. आपल्याकडे तर त्याचे कौतुकच झाले असते.

पुढे सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या विदुषीने तीच वाट पुढे चालवली. कर्करोग अशा एखाद्या जनुकातून येत असेल हे त्या काळी पुष्कळ शास्त्रज्ञांना पटत नव्हते. बाईंनी २३ विस्तारित कुटुंबे घेतली. त्या कुटुंबांत मिळून स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण होते. कोणाला रोग झाला, कितव्या वर्षी झाला, कोण त्यातून सुटले, हे सारे जुळवून १९९० साली त्यांनी दाखवले की, या घराण्यांपैकी जेथे रोग ऐन तारुण्यात येतो तेथे त्याचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. त्याचे नाव बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचे दुसरे सापडले, ते बीआरसीए-२. या साऱ्या विद्येचा पाया काय, तर घरातील माणसांनी आपल्या आजीपणजीविषयी खरे सांगितले हा. त्या २३ कुटुंबांनी 'आमच्याकडे असले काही नाही हो' असे म्हटले असते तर प्रयोगशाळेतील सारी यंत्रे धूळ खात पडली असती.

आता या जनुकांचे काम थोडक्यात पाहू. ही जनुके रोगाची नव्हेत. ती तुमच्यामाझ्यात, स्त्रियांत आणि पुरुषांत, सर्वांत असतात. पेशीतील डीएनएचा धागा रोज कोठे ना कोठे तुटतो. तो सांधून देणे हे त्यांचे काम. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यांतील एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर घरात राखण करणारा एकच उरतो. एखाद्या पेशीत तोही निकामी झाला की तुटलेले धागे तसेच राहतात, चुका साचत जातात आणि गाठ उठते. बिघडलेली प्रत ज्याच्यापाशी आहे त्याच्या प्रत्येक अपत्याकडे ती जाण्याचा संभव निम्मा असतो, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी.

येथेच आपल्या कुलवृत्तान्ती बुद्धीची पहिली फजिती होते. स्तनाचा कर्करोग म्हटले की लोक विचारतात, 'आईकडे कोणाला होते का?' आत्याविषयी कोणी विचारीत नाही. बापाच्या आईविषयी, चुलत आजीविषयी विचारीत नाही. वस्तुतः बिघडलेली प्रत बापाकडून तितक्याच सहज येते. बाप स्वतः बहुधा धडधाकट असतो. त्याला बहिणी नसल्या तर दोन पिढ्या काही दिसतही नाही, आणि मग त्याच्या लेकीच्या अंगावर ते अकस्मात उघडे पडते. पुरुष केवळ वाहकच असतात असेही नाही. बीआरसीए-२ बिघडलेल्या पुरुषाला प्रोस्टेटचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचाही होतो. तेव्हा 'हा बायकांचा विषय' म्हणून वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेल्या पुरुषमंडळींनी ते जरा खाली ठेवावे.

धोका किती? प्रामुख्याने पाश्चात्य देशांतील हजारो स्त्रियांचा माग ठेवून २०१७ साली जे आकडे निघाले ते असे. बिघडलेले जनुक असलेल्या १०० स्त्रियांपैकी वयाच्या ८० वर्षांपर्यंत सुमारे ७० जणींना स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाचा कर्करोग बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ जणींना आणि बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ जणींना होतो. एरवी हा दुसरा रोग तिकडे शंभरात जेमतेम एकीला होतो. उलट हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे की, स्तनाचे बहुतेक कर्करोग वारशाने येत नाहीत. शेकडा ५ ते १० एवढेच येतात. एका मावशीला साठीनंतर गाठ झाली म्हणून भाचीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. पण शेकडा ५ ही संख्या दिसावयास लहान आहे. २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची गणना झाली. त्यांचे शेकडा ५ म्हणजे एका वर्षात साडेनऊ हजार बाया. त्या प्रत्येकीच्या मागे बहिणी आहेत, लेकी आहेत, भाच्या आहेत. आणि त्यांतल्या बहुतेकींना आपण कोणत्या वंशावळीत बसलो आहो याची वार्ता नाही.

का नाही? कारण आपल्या घरांत बाईच्या मरणाला नाव नसते. 'आजी कशाने गेली?' म्हणून विचारावे तर उत्तर येते, 'आजारीच होती.' फार खोदून विचारले तर 'तिच्या पोटात पाणी झाले होते.' अंडाशयाच्या कर्करोगाच्या शेवटी पोटात पाणी साचते हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पोटात पाणी होण्याला दुसरीही कारणे असतात हेही ठाऊक आहे. पण नातीने डॉक्टरला सांगावे काय? 'छातीला काही तरी झाले होते' हा शब्दप्रयोग तर इतका सोवळा की त्यातून क्षय, हृदयविकार आणि कर्करोग तिन्ही निघू शकतात. आजोबांचा दमा, काकांचे रक्तदाब, मामांची बायपास यांची चर्चा पंगतीत चालते. परंतु स्तन आणि अंडाशय हे शब्द उच्चारले की घरातील वडीलधाऱ्यांना खोकला येतो.

या मुखस्तंभपणाला आपण अब्रू म्हणतो. मुलीची लग्ने व्हावयाची आहेत, कळले तर स्थळे यावयाची नाहीत, म्हणून आईचा रोग लपवावयाचा. प्रसंगी आईला उपचारासाठी दुसऱ्या शहरी न्यावयाचे आणि 'गुडघ्यासाठी नेले' असे सांगावयाचे. ज्या मुलीच्या कल्याणासाठी हे सारे चालते तिलाही ते सांगावयाचे नाही! या कल्याणाचा अर्थ मला लागत नाही. मुलीचे लग्न पंचविसाव्या वर्षी निर्विघ्न पार पडले आणि चाळिसाव्या वर्षी तिला तिसऱ्या अवस्थेतली गाठ सापडली, तर त्या अब्रूचे काय लोणचे घालावयाचे? आणि गाठ सापडल्यावर सासरी काय बोलले जाते तेही ठाऊक आहे. 'तिच्या माहेरचे रक्तच तसले.' म्हणजे जन्मभर कंसात ठेवलेल्या बाईला कुळाचे श्रेय कधी मिळाले नाही. दोष तेवढा कुळासकट मिळाला.

'कळून तरी काय उपयोग? ललाटी असेल ते चुकत नाही', असे म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत. हेच सज्जन मुलाला देवीची लस टोचून घेत होते आणि विहिरीला कठडा बांधीत होते. तेथे ललाट आड आले नाही. उपयोग काय तो ऐका. बिघाड आहे असे कळले तर पंचविशीपासून दरवर्षी स्तनांची एमआरआय तपासणी करता येते आणि तिशीपासून मॅमोग्राम जोडता येतो. त्यामुळे गाठ लहान असतानाच हाती लागते. अंडाशयाच्या कर्करोगाला मात्र अशी भरवशाची चाळणी नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रचंड पाहणीत, नियमित तपासणीने त्या रोगाचे मृत्यू घटले नाहीत असे २०२१ साली निष्पन्न झाले. म्हणून मुलेबाळे झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० या वयात आणि बीआरसीए-२ असेल तर थोडे पुढे, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्याने त्या रोगाचा धोका सुमारे शेकडा ८० ने घटतो. स्तन आधीच काढून टाकण्याचा मार्गही आहे; तो ज्या त्या स्त्रीने आपल्या मनाशी ठरवावयाचा. आणि रोग झालाच, तरी जनुकाचा बिघाड ठाऊक असला की ओलापारिबसारखी, त्या बिघाडावरच नेम धरणारी औषधे देता येतात. २०१३ साली अँजेलिना जोली या नटीने आपले स्तन काढून घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा पुष्कळांना तो नटीचा लहरीपणा वाटला. तिची आई ५६ व्या वर्षी कर्करोगाने गेली होती आणि तिच्या स्वतःच्या जनुकात बिघाड होता. याला लहर म्हणणे हे अडाणीपणाचे आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक टोळी उभी आहे आणि तिच्याशीही माझे भांडण आहे. ती म्हणजे दुकानदारांची. 'थुंकी पाठवा, भविष्य घ्या' असा हा नवा ज्योतिषाचा धंदा. अमेरिकेतील ट्वेंटी-थ्री-अँड-मी या कंपनीला २०१८ साली घरबसल्या बीआरसीए चाचणी विकण्याची परवानगी मिळाली. पण ती पाहत होती केवळ तीन बिघाड, आणि तेही मुख्यतः पूर्व युरोपातील ज्यू घराण्यांत आढळणारे. या दोन जनुकांत हजारो प्रकारचे बिघाड असू शकतात. साताऱ्याच्या किंवा मडगावच्या बाईला अशा चाचणीने 'निर्दोष' म्हटले तर त्याची किंमत कुडमुड्या जोशाच्या आशीर्वादाहून अधिक नाही. तीच कंपनी २०२५ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली, आणि कोट्यवधी माणसांच्या रक्ताची माहिती आता कोणाच्या हाती पडणार असा प्रश्न उभा राहिला. त्याआधी अमेरिकेत मिरियड या कंपनीने तर या जनुकांवर पेटंटच घेतले होते. तुमच्या आजीने तुम्हाला दिलेल्या जनुकाचे मालक आम्ही! तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एकमताने सांगितले की, निसर्गाने केलेले जनुक कोणी नुसते वेगळे काढले म्हणून त्याच्या मालकीचे होत नाही. तोवर त्या चाचणीला तेथे तीन हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागत होते.

तेव्हा सरसकट साऱ्यांनी चाचणी करावी असे माझे म्हणणे नाही. घरात कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल, कोणत्याही वयात अंडाशयाचा झाला असेल, पुरुषाला स्तनाचा झाला असेल, किंवा एकाच बाजूच्या दोनतीन नातलगांना यांतले काही झाले असेल, तर जाणत्या डॉक्टरकडे जावे. प्रथम चाचणी करावी ती जिला रोग झाला आहे तिची. तिच्यात बिघाड सापडला म्हणजे मग बहिणी, भाऊ, मुले यांनी तेवढाच शोधावयाचा. मुलांची चाचणी ती सज्ञान होईपर्यंत करू नये. आणि अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर त्यावरून कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढू नये. हा शेरा आपल्या बायकांच्या वाट्याला युरोपीय बायकांहून अधिक येतो, कारण जगातील माहितीचा साठा मुख्यतः त्यांच्या घराण्यांवरून झाला आहे. आपण बोललो नाही, म्हणून आपल्याविषयी शास्त्रालाही कमी कळले.

आता कोणी म्हणेल, 'ठीक आहे, मग पत्रिकेबरोबर जनुकांचा अहवालही पाहू, एकनाडीऐवजी एकजनुक!' नाही. या गोष्टीला माझा कडाडून विरोध आहे. ही माहिती स्थळे पाहणाऱ्यांची नव्हे. बिघडलेले जनुक हा कोणाचा अपराध नाही, कलंक नाही आणि लग्नाला अपात्रताही नाही. ती रक्ताच्या नात्यांत उघड असावी, कारण ती त्या साऱ्यांची समाईक आहे. वधूवरांच्या बाजारात ती कोणी मागू नये. ज्याच्याशी संसार करावयाचा त्याला मुलीने आपल्या तोंडाने, आपल्या वेळी सांगावे. ते ऐकून जो उठून जाईल त्याच्यापासून ती सुटली असे समजावे. सरकारनेही येथे आपले काम केले पाहिजे. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, विकार अनुवंशिक आहे एवढ्याच कारणाने विमा नाकारणे हा भेदभाव ठरवला, आणि त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणाने नव्या आरोग्यविम्यांतून ते सरसकट वगळणारे कलम घालू नये असे कंपन्यांना बजावले. परंतु जनुकांवरून नोकरीत वा अन्यत्र भेद करण्यास बंदी घालणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो नोकरी आणि आरोग्यविमा यांपुरता २००८ पासून आहे. लोकांनी बोलावे अशी इच्छा असेल तर बोलणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी हमी आधी दिली पाहिजे. जिल्ह्याच्या रुग्णालयात मॅमोग्राम नाही आणि समजावून सांगणारा माणूस नाही, अशा ठिकाणी नुसता अहवाल हातात ठेवणे हे क्रौर्य आहे.

पण कायदा होईपर्यंत घरातल्या माणसांनी गप्प बसावे असे नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००४ साली थँक्सगिव्हिंगचा सण हा कुटुंबाच्या आरोग्य-इतिहासाचा दिवस म्हणून जाहीर केला. कारण साधे होते: त्या दिवशी सारी नातीगोती एका टेबलाभोवती असतात. आपल्याला सर्जन जनरलची गरज नाही. दिवाळीला माहेरवाशिणी येतात, आत्या येते, मावशीचा फोन येतो, एरवी न बोलणाऱ्या म्हाताऱ्या दुपारी फराळाच्या डब्यांशी बसून जुन्या गोष्टी काढतात. त्या गोष्टींत हीही एक विचारा. दोन्ही बाजूंच्या आज्या कितव्या वर्षी गेल्या? कोणाच्या छातीला गाठ होती? कोणाच्या पोटात पाणी झाले? ऑपरेशन कोठे झाले, त्याचे कागद कोणाच्या ट्रंकेत आहेत? एका वहीत लिहून ठेवा, वयासकट. आणि ज्या बायकांना मुले नव्हती, ज्या लवकर गेल्या, त्यांना वगळू नका. वैद्याच्या दृष्टीने त्याच सर्वांत महत्त्वाच्या असण्याचा संभव आहे.

आणि भाऊबीजेला ओवाळून घेणाऱ्या भावांना एक सांगणे. तुमच्या बिऱ्हाडी आई आहे, औषधपाणी तुम्ही पाहता, तिचे अहवाल तुमच्या कपाटात आहेत. बहीण परगावी आहे, तिला 'उगाच काळजी नको' म्हणून तुम्ही ते दाखवले नाहीत. तुमचा हेतू चांगला असेल, परंतु त्या कागदावर तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे. शेत आणि घर यांतला तिचा हक्क कायद्याने मान्य करावयास किती वर्षे गेली हे आपण जाणतोच, निदान या वारशात तरी तिला कोर्टात जावयास लावू नका. तबकात साडी ठेवाल ती ठेवाच. तिच्याखाली त्या अहवालाची एक प्रत ठेवा आणि ती वाचून होईपर्यंत तिच्याजवळ बसा.